परक्या हातचं पाणी

दौलतकाका गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरने सांगितली. मी गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स आहे, आणि आमच्या गावची कुठलीही खबर, लग्नाची असो नाहीतर मयताची, त्या गाडीतूनच येते. सकाळची वेळ होती, स्टोव्हवर सिरिंजा उकळायला ठेवल्या होत्या. कंडक्टर दारातूनच म्हणाला, "सिस्टर, तुमच्या गावचे घोडेवाले दौलतभाऊ गेले नं... काल दुपारी." मी "बरं" म्हटलं. तो बिचारा तिथेच घुटमळला. मी डोळ्याला पदर लावीन, मटकन खाली बसेन, असं त्याला वाटलं असावं, कारण दौलतकाकाने मला लेकीसारखं वाढवलं हे अख्ख्या पंचक्रोशीला माहीत. मी स्टोव्हला पंप मारला. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं नाही. राग आला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. का म्हणून? मेल्याने त्याचं केलेलं पुसलं जातं का?

काका आमच्या घरामागच्या आळीत राहायचा. उंचापुरा, गुडघ्यात थोडा वाकलेला, आणि अंगाला कायम करंजाच्या तेलाचा वास. घोड्याच्या पाठीला जीन लागून जखम झाली, खरूज झाली, खूर फुटला, की तो करंजाचं तेल चोळायचा. सदऱ्याला तोच वास, खाटेला तोच, त्याने हातात दिलेल्या गुळाच्या खड्यालासुद्धा तोच. मी तो गूळ खायची. तेंदूपत्त्याच्या हंगामात तो ठेकेदाराकडे चेकर होता. म्हणजे जंगलात ठिकठिकाणी पानं गोळा करायचे फड असतात, ते एकामागून एक तपासत फिरायचं काम. तिथे ना सडक, ना गाडी. सकाळी निघालेला घोडा उन्हातान्हात नाले-टेकड्या तुडवत संध्याकाळी शेवटच्या फडावर पोचला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी परत तसाच उभा राहिला पाहिजे. असा घोडा कुठला, हे ओळखण्यात काकाचा हात धरणारा कोणी नव्हता. माणसं पार आलापल्लीकडून घोडी घेऊन त्याच्या दाराशी यायची. तो बघायचा, आणि एकच शब्द बोलायचा. "लांबचा" किंवा "जवळचा". झालं. त्या शब्दावर सौदे व्हायचे, मोडायचे.

मला त्याने हे सगळं शिकवलं. त्याची स्वतःची मुलगी, सुमन, घोड्याला घाबरायची. मी नाही घाबरायची. मी कौतुकाने घोड्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले की तो डाफरायचा, "तोंड काऊन पाह्यतं, रत्ने? तोंड चालते का? मागून पाह्य!" मग आम्ही मागे उभं राहून बघायचो, मागचा पाय पुढच्या पायाच्या वाटेवर पडतो की बाहेर फेकला जातो. खुरावर दगडाने टकटक करून आवाज ऐकायचो. छाती रुंद असली की लोक खूश होतात, पण काका म्हणायचा रुंद छातीचा घोडा गाडीला बरा, लांबच्या घोड्याची छाती खोल पाहिजे. अंगावर मांस कमी पाहिजे, नाकपुड्या मोठ्या पाहिजेत. मग घोडा पळवून आणायचा आणि डाव्या कोपराच्या मागे कान लावायचा. आत धडधड चालू असते... ती किती लवकर खाली बसते, तोच त्याचा दम. "पळणं त कोन्तंही जनावर पळते," तो म्हणायचा, "थांबल्यावर पाह्याचं." आज मी पेशंटचा हात हातात घेते तेव्हाही आधी नाडी मोजत नाही, ती कशी खाली बसते तेच बघते. डॉक्टर हसतात. हसोत.

आणि शेवटची परीक्षा पाण्याची. काका हिला सगळ्यात मोठी मानायचा. घरच्या हौदावर पाणी पिणारा घोडा वाटेत अनोळखी पाण्याला, अनोळखी माणसाच्या हातातल्या बादलीला तोंड लावत नसेल, तर बाकी सगळं सोन्याचं असलं तरी तो लांबचा नाही. दिवसभर तहानलेला राहील आणि कुठेतरी मधात, वाटेवरच बसेल. आमच्याकडे हिवाळ्यात यात्रेला बैलांच्या पटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, दुसऱ्या दिवशी घोड्यांची दौड असायची, तिथेही हाच कायदा. सकाळी निघायचं, नदीकाठच्या गावांना वळसा घालून ऊन उतरताना परत यायचं. पण पहिला आला म्हणून कोणी जिंकत नसे. घोडा आला की पंच बिडी पेटवायचा. ती बिडी विझेपर्यंत घोड्याने परक्या हातची बादली प्यायली पाहिजे, आणि बिडी विझल्यावर पंच कान लावेल तेव्हा धडधड खाली बसलेली पाहिजे. नाही बसली, तर पहिला आलेला घोडासुद्धा बाद. पंच अर्थातच दौलतकाका. त्याची बिडी विझेपर्यंत सारी यात्रा गप्प उभी असायची.

आता कोसीचं सांगते. माझे बाबा आठवडी बाजारांत कापड विकायचे, लुगडी, पंचे, पोरांचे सदरे. गठ्ठा लादायला एक घोडी होती, तिची ही शिंगरी. रंग अगदी कोसा रेशमाच्या कापडासारखा, फिकट सोनेरी, म्हणून कोसी. ती जन्मली तेव्हा मी होते, तिच्या पाठीवर पहिली बसले ती मीच. बाबा नाल्यात घसरून पडले आणि त्यांचा पाय कायमचा आखडला, तेव्हा जवळचे बाजार मी करू लागले. कोसीच्या पाठीवर गठ्ठा आणि वर मी! लोक बोलायचे. आमच्या वस्तीतल्या बायका मात्र दारात उभ्या राहून बघायच्या, आणि एखादी हळूच म्हणायची, "जाय माय, जाय." पण जवळच्या बाजारांत दुकानं झाली होती, धंदा राहिला होता तो जंगलापलीकडच्या दोन मोठ्या बाजारांत. एका दिवसात जाणं आणि दुसऱ्या दिवशी येणं. बाबा म्हणाले, "जंगलात मधातच घोडी बसली त तू का करशीन? दौलतभाऊले दाखवू. त्यानं लांबची म्हटलं त जाय. नाई म्हटलं त धंदा बंद, आन् तू घरी." मी हसले. मला कशाची भीती? कोसीला मी स्वतः पारखली होती, तीही काकाच्याच पारखीने. मागून बघितली होती, कान लावला होता. रस्त्यातल्या डबक्यापासून बाजारातल्या हॉटेलवाल्याच्या पिंपापर्यंत कुठेही पाणी पिणारी घोडी ती.

गडचिरोलीचा नवा जिल्हा झाला त्याच साली, थंडीत, काका आमच्या अंगणात आला. बाबा खाटेवर, आई दारात, आजूबाजूचे चार लोक. काकाने कोसीला मागून बघितलं, खूर वाजवले, पायांवरून हात फिरवला. मी तिला नदीपर्यंत पळवून आणली. त्याने कान लावला... खूप वेळ लावला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला दिसलं, त्याचा चेहरा खुलला. शपथेवर सांगते, खुलला! मग तो म्हणाला, "आता पाणी." आपल्या घरून बादली घेऊन आला, भरलेली, आणि कोसीच्या पुढे धरली. कोसीने मान खाली नेली, आणि फुर्रकन नाकातून हवा सोडून मागे झाली. परत धरली. परत मागे. मी म्हटलं, काका, माझ्या हातात द्या. तो म्हणाला, "तुह्या हातचं त पिईनच वो. जंगलात तुह्या हातचं पाणी कोन देईन?" लोकांनी माना हलवल्या. काकाने बादली ओतून दिली, हात धोतराला पुसले आणि बाबांना म्हणाला, "जवळची हाय."

झालं. एका शब्दात माझं सगळं गेलं, आणि मी भांडलेसुद्धा नाही. काय भांडणार? मी डोळ्यांनी बघितलं होतं कोसीने मान फिरवलेली. त्या दिवशी मला कोसीपेक्षा माझीच जास्त लाज वाटली. इतकी वर्षं हिच्यासोबत राहून हिची एवढी खोड मला कळू नये? माझी नजर काही कामाची नाही, असं मी स्वतःला बजावून टाकलं. मग काकाच म्हणाला की आमच्या काशिनाथाला, म्हणजे सुमनच्या नवऱ्याला, घरापुरती एक घोडी पाहिजेच आहे, त्याच्याकडची दुभती म्हैस घ्या. बाबा खूश. घरात दूध आलं, कापडाचा धंदा बंद झाला, माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. मी म्हशीला पाणी पाजायची आणि ती मुकाट्याने प्यायची... तिचा मला इतका संताप यायचा!

पुढच्या हिवाळ्यात यात्रेला मी जाणार नव्हते, आईने ओढून नेलं. दौड परत येत होती, धुरळा दिसत होता. दुसऱ्या नंबरला एक घोडी आली, मला लांबूनच तिचा रंग कळला. वर काशिनाथ. त्याला त्या साली ठेकेदाराने चेकर म्हणून ठेवला होता, लांबची घोडी आहे म्हणूनच ठेवला होता. काकाने बिडी पेटवली. कुठल्यातरी गावचा एक अनोळखी माणूस बादली घेऊन पुढे झाला. कोसीने तोंड घातलं आणि बादली रिकामी करूनच वर काढलं, हनुवटीवरून पाणी गळत होतं. बिडी विझली, काकाने कान लावला, हात वर केला. पहिला आलेला घोडा अजून धापा टाकत होता. लोकांनी काशिनाथाला खांद्यावर घेतलं. मी गर्दीतून काकाकडे बघत उभी होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच हातातल्या विझलेल्या बिडीकडे बघू लागला. विझलेल्या बिडीत बघण्यासारखं काय असतं?

तेव्हाच विचारायला हवं होतं म्हणाल. विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "काशिनाथानं मेहनत घेतली वो. सवय लावली. जनावर सुधरते." आणि मी, मूर्ख, अर्धं खरं मानलं. कारण त्याचा शब्द! ज्याने मला कान लावायला शिकवला त्याच्यावर अविश्वास धरायचा म्हणजे जे जे शिकले त्या सगळ्यावरच धरायचा. मग मी चंद्रपूरला नर्सिंगला गेले, लग्न झालं, नोकरी लागली. काशिनाथाने पुढे फटफटी घेतली आणि कोसी सिरोंचाकडच्या कोणाला तरी देऊन टाकली. कोणाला, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. मधल्या काळात काका भेटायचा तेव्हा तोच जुना काका, "रत्ने, कशी हायस?" आणि मी हसून बोलायची. आत मात्र एक काटा... कधी वाटायचं त्याने मला फसवलं, कधी वाटायचं माझंच मन कोतं.

या उन्हाळ्यात त्याला आमच्याच वॉर्डात आणलं. फुप्फुसं संपली होती, बिड्यांनी. सगुणाकाकी उशाशी. एका दुपारी काकी डबा धुवायला नळावर गेली तेव्हा त्याने मला खुणेने बोलावलं. बोलायला धाप लागत होती. म्हणाला, "कान लाव." मी म्हटलं, इथे स्टेथोस्कोप असतो. "नाई, कान लाव." लावला. काय ऐकलं ते मला कळलं आणि मला कळलं हे त्याला कळलं. तो म्हणाला, "जवळचा ना?" मी त्याची चादर सारखी केली. मग, जसं काही कोसीचं मी आत्ताच विचारलंय, तसा म्हणाला, "बादलीले करंजाचं तेल लावलं होतं, रत्ने. आतून."

एवढं सोपं! सगळं अंगण त्या वासाने भरलेलं असायचं, त्याचे हात, त्याचं धोतर... बादलीला वास येतो हे कोणाच्या ध्यानात येणार? एका कोसीच्या आलं होतं. मी विचारलं, "का पण? घोडी चांगली होती ना?" तो म्हणाला, "चांगली होती म्हणून त! वाईट असती त तुह्यापाशीच राह्यली असती." थोडा वेळ नुसती धाप. मग म्हणाला, "काशिनाथाले काम नोहतं. सुमन घरी येऊन बसली होती. माही पोरगी होती वो थे." मी म्हटलं, "आन् मी कोन होती, काका?" इतक्या वर्षांत मी त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलले नव्हते. त्याने डोळे मिटून घेतले. काकी डबा घेऊन आली. तो तिला नाही, मला म्हणाला, "पाणी दे." मी ग्लास भरून त्याच्या हातात दिला. त्याने तो ओठांजवळ नेला, थांबला, आणि वास घेतला. माझ्याकडे बघत वास घेतला! मग प्यायला. त्या क्षणी मला तो ग्लास हिसकावून घ्यावासा वाटला. तुझी हिंमत कशी झाली? माझ्या हातच्या पाण्याचा वास घ्यायची? दोनेक दिवसांनी त्याला गावी नेलं, आणि पुढचं तो कंडक्टर सांगून गेला.

तो गेल्यानंतरच्या रविवारी मी गावी गेले. समाजमंदिरात लोक जमले होते. एकेक उठून बोलत होता, दौलतभाऊची पारख कधी चुकली नाही, दौलतभाऊचा शब्द कधी खाली पडला नाही. बरोबर आहे, नाहीच चुकली. काका चुकला असता तर मी कधीच माफ केलं असतं, जनावराच्या बाबतीत कोण चुकत नाही? त्याने बरोबर ओळखलं आणि खोटं सांगितलं. मग माझे बाबा काठी टेकत उठले. म्हणाले, "दौलतभाऊ नसता त माही पोरगी कोन्त्या नाल्यात पडून राह्यली असती, सांगता येत नाई. त्यानं वेळेवर सांगितलं म्हणून आज ते सिस्टर हाय." लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी खाली मान घालून बसले. काय बोलणार होते मी, एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास काढून घेणार होते? पण गेले काही आठवडे मला झोप नाही, म्हणून हे लिहून पेपरला पाठवते आहे. बाबा रविवारची पुरवणी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. वाचा बाबा. तुमची पोरगी त्या जंगलातून आरामात गेली असती आणि आली असती. तुमची घोडीही चांगली होती आणि माझी नजरही चांगली होती.

लोक पांगल्यावर मी काकीकडे गेले. अंगण तसंच, खुंटा तसाच, त्याला बांधायला काही नाही. ती बादली पडवीत पालथी होती, बूड गंजलेली, काकी तिच्यावर बसून भाजी निवडते म्हणे. सदरे धुऊन वाळत घातले होते, तरी त्यातून तोच वास येत होता. काकीला काही माहीत नाही. तिने माठातलं पाणी काढून लखलखीत घासलेला ग्लास माझ्या हातात दिला. "घे माय, उन्हातून आलीस." मी ग्लास वर नेला आणि थांबले... वास घेतला. मुद्दाम नाही, आपोआप झालं. दवाखान्यातल्या त्या दुपारपासून हे असं होतं, घरी नवऱ्याने पाणी दिलं तरी होतं. काकीने पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "तुले बी हेच लागलं का? हे बी असेच करत. माह्या हातचं पाणी बी कधी वास घेतल्याबिगर पेले नाई. कोसी दिली ना तुमी, तवापासून."

मी मग ग्लास तोंडाला लावला आणि थेंबही न ठेवता प्यायले. पाण्याला कसलाच वास नव्हता. त्या दिवशी कोसीच्या पुढे असंच पाणी यायला हवं होतं.